एडमंटनच्या थंडीत पुण्याचे हलव्याचे दागिने

आमच्या लेकीचे पहिले बोरन्हाण कॅनडातील अल्बर्टा प्रांतात, एडमंटन येथे करायचे ठरले, तेव्हा बाकी कशातही तडजोड झाली तरी हलव्याचे दागिने पुण्याहूनच मागवायचे, यावर घरात दुमत नव्हते. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या दोन्ही मुलांसाठी ते स्वतः केले होते. पितळी परातीत तीळ घेऊन, मंद शेगडीवर चमचा चमचा पाक सोडत आणि बोटांच्या अग्रांनी दाणे सतत फिरवत त्या तीन-चार दिवस बसत असत. मला ती कला येत नाही. म्हणून पुण्यात घरगुती स्वरूपात हा व्यवसाय करणाऱ्या एका ताईंकडे डिसेंबर 2023 मध्ये लहान मुलीसाठी एक संच नोंदवला. त्यात मुकुट, गळ्यातला हार, बिंदी, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा आणि पैंजण होते, आणि त्याबरोबर पाव किलो सुटा हलवाही मागवला. संचाची आणि हलव्याची मिळून किंमत 850 रुपये पडली, तर कुरिअरचे 3,100 रुपये झाले. परदेशातून मागवणाऱ्याने दागिन्यांच्या नव्हे, तर पाठवणीच्या खर्चाचा आधी विचार करावा, हे यावरून लक्षात यावे.

ताईंनी मापे विचारताना दाखवलेली काळजी प्रथम नोंदवली पाहिजे. डोक्याचा घेर, मनगट, कंबर आणि घोटा ही चारही मापे त्यांनी सेंटिमीटरमध्ये मागितली, आणि मूल महिन्याभरात वाढते म्हणून प्रत्येक दागिन्याला मागे बांधायच्या नाड्या ठेवल्या. दागिने प्रत्यक्ष हाती आले तेव्हा ते लेकीला अगदी बेताचे बसले.

पार्सल शुक्रवारी, 12 जानेवारी 2024 रोजी पोहोचले. तो आठवडा एडमंटनमधल्या कोणाच्याही लक्षात राहील. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळावरील पारा उणे 40 अंशांच्याही खाली गेला होता. अशा दिवसांत गाडीच्या इंजिनाचा हीटर रात्रभर विजेच्या तारेला जोडून ठेवावा लागतो, आणि दार उघडले की उंबऱ्यावर वाफेचा ढग उठतो. कुरिअरच्या माणसाने घंटी न वाजवता खोके दारात ठेवले आणि तो निघून गेला. ते किमान तीन तास तसेच बाहेर होते. आत आणले तेव्हा पुठ्ठा लाकडासारखा कडक झाला होता.

या टप्प्यावर आम्ही एक गोष्ट योग्य केली, आणि ती केवळ सासूबाईंच्या सांगण्यावरून केली. त्या फोनवर म्हणाल्या, "खोकं लगेच उघडू नकोस. आधी घरात निवांत पडू दे." गोठलेली वस्तू उबदार खोलीत उघडी केली की हवेतली वाफ तिच्यावर जमते, आणि साखरेला ओल लागली की हलवा चिकट होऊन त्याचा काटा मरतो. आम्ही खोके सहा तास बंदच ठेवले आणि रात्री उघडले. हलवा पांढराशुभ्र आणि कोरडा होता, आणि प्रत्येक दाण्याचा काटा बोटाला टोचत होता. या बाबतीत मी ताईंना पूर्ण गुण देते. पाकातली मळी दूध घालून नीट काढलेली असल्याशिवाय असा पांढरेपणा येत नाही, आणि घाईने पाक ओतलेल्या हलव्याला काटा न येता नुसती गुळगुळीत गोळी होते. चव घेण्यासाठी मी सुट्या हलव्यातले काही दाणे फोडून पाहिले. आत तीळ खमंग भाजलेला होता, आणि साखरेच्या थराला कुठेही कच्चा किंवा करपलेला वास नव्हता.

दागिन्यांच्या बांधणीबद्दल मात्र मला असे सरसकट चांगले लिहिता येत नाही. हार, बाजूबंद, बांगड्या, कमरपट्टा आणि पैंजण हे सर्व काळ्या दोऱ्यात गुंफलेले होते. दर चार-पाच दाण्यांनंतर गाठ होती आणि मध्ये लाल-सोनेरी टिकल्या ओवल्या होत्या. हे पाचही दागिने अखंड पोहोचले. मुकुट आणि बिंदी यांची गोष्ट निराळी होती. ते पुठ्ठ्याच्या आकारावर ग्लू गनच्या गोंदाने चिकटवलेले होते, आणि कडाक्याच्या थंडीत हा गोंद ठिसूळ होतो. खोके उघडताच मुकुटाचे जवळजवळ अर्धे दाणे पिशवीच्या तळाशी सापडले, आणि उरलेल्यांपैकी कितीतरी बोट लावताच निसटले. पुण्यात किंवा मुंबईत हा दोष कधी दिसणारही नाही, म्हणून ताईंचा यात हलगर्जीपणा होता असे मी म्हणणार नाही. तरीही परदेशी पत्ता दिलेला असताना ही शंका त्यांना यायला हवी होती, असे मला वाटते.

तुटलेला मुकुट दुरुस्त करण्याचे काम शनिवारी संध्याकाळी सुरू झाले. स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या भोगीची तयारी चालली होती. घेवडा, गाजर आणि वांगी चिरून ठेवली होती, आणि विजेच्या शेगडीवर तीळ भाजणे सुरू होते. तेवढ्यात घरातले सगळे मोबाइल एकदम कर्कश वाजले. प्रांताच्या आपत्कालीन यंत्रणेचा संदेश होता. थंडीमुळे विजेची मागणी इतकी वाढली होती की आळीपाळीने वीज बंद करावी लागण्याची शक्यता होती, म्हणून अनावश्यक दिवे आणि उपकरणे तत्काळ बंद करावीत, अशी विनंती त्यात होती. उणे 40 मध्ये वीज जाणे म्हणजे काय, हे येथे राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. घर उबदार ठेवणारी भट्टी नैसर्गिक वायूवर चालत असली, तरी गरम हवा घरभर फिरवणारा पंखा विजेवरच चालतो. आम्ही शेगडी बंद केली आणि एक सोडून सर्व दिवे मालवले. सासूबाईंनी दिलेली समई लावली, आणि तिच्या शेजारी बसून मी व माझ्या नवऱ्याने मुकुटाचे दाणे सुईदोऱ्याने पुठ्ठ्यावर टाचायला सुरुवात केली. त्या संदेशानंतर काही मिनिटांतच प्रांतातील विजेची मागणी सुमारे 150 मेगावॅटने उतरली, हे नंतर बातम्यांत वाचले. कितीतरी घरांनी त्याच वेळी आमच्यासारखेच दिवे मालवले होते, या विचाराने मला त्या शहराविषयी फार आपुलकी वाटली. अखेर वीज गेली नाही. मुकुट रात्री साडेदहाला पूर्ण झाला.

संक्रांत सोमवारी, 15 जानेवारीला होती. तिळगूळ घरच्या घरीच दिला-घेतला गेला, कारण तान्ह्या मुलांना घेऊन कोणी घराबाहेर पडावे अशी ती हवा नव्हती. बोरन्हाण आम्ही पुढे ढकलले. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही ते करता येते, आणि त्या वर्षी रथसप्तमी 16 फेब्रुवारीला असल्याने हाताशी पुरेसे दिवस होते. थंडी ओसरल्यावर, शनिवारी 27 जानेवारीला, पाच कुटुंबे जमली. दागिने मधले दोन आठवडे पत्र्याच्या डब्यात ठेवले होते. येथे हिवाळ्यात घरातली हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, पण हलव्याला ती मानवली. मुंबईच्या दमट हवेत आठवड्याभरात हलवा पाझरू लागतो, ही माझ्या आईची नेहमीची तक्रार असे. येथे पंधरवड्यानंतरही दाणा दाण्याला चिकटलेला नव्हता.

काळ्या झबल्यावर ते पांढरे दागिने फार उठून दिसले. लेकीने मुकुट चार मिनिटे आणि हार जवळपास अर्धा तास अंगावर राहू दिला, पैंजण मात्र तिला शेवटपर्यंत आवडले. गुंफलेले दागिने हलके आणि लवचीक असल्यामुळे तिच्या त्वचेवर कुठे ओरखडा उठला नाही. काटेरी हलव्याच्या बाबतीत ही भीती मला होती, परंतु ताईंनी आतल्या बाजूने मऊ सुती पट्टी शिवली होती. ताजी बोरे आम्ही मागवली नव्हती. त्यांच्याऐवजी चिनी किराणा दुकानात मिळणारी वाळलेली लाल बोरे घेतली, कारण तीही बोराच्याच कुळातली आहेत. उसाचे करवे आणि चुरमुरे येथील दुकानांतून मिळाले. 14 महिन्यांच्या मुलीच्या डोक्यावरून ओतायला आम्ही केवळ चुरमुरे वापरले. बोरे, करवे आणि सुटा हलवा मोठ्या मुलांनी वेचावा म्हणून बाजूच्या चादरीवर पसरला. हलव्याचा टणक दाणा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो, म्हणून हे दागिने अंगावर असताना मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये, अशी सूचना विक्रेत्यांनी पाकिटावर स्पष्ट शब्दांत छापायला हवी. आमच्या पाकिटावर तशी सूचना नव्हती.

जी कुटुंबे अशाच थंड गावी राहतात, त्यांना मी हा संच घ्यायला निश्चितपणे सांगेन, परंतु नोंदणी करताना प्रत्येक नग दोऱ्यात गुंफलेलाच हवा, असे लिहून द्यावे. पार्सल संक्रांतीच्या किमान तीन आठवडे आधी पोहोचेल असे बघावे आणि ते दारात न ठेवता हातात देण्याची सोय कुरिअरवाल्यांकडे आहे का, ते विचारून घ्यावे. आमच्याकडून या दोन्ही गोष्टी राहिल्या होत्या. सुटा हलवा पाव किलोऐवजी अर्धा किलो घ्यावा, कारण आलेल्या प्रत्येकाला तो घरी न्यायचा असतो.

मुकुटाची छायाचित्रे मी ताईंना पाठवली, तेव्हा त्यांनी कोणतीही सबब न सांगता त्याचे पैसे परत देऊ केले. मी ते घेतले नाहीत. त्याऐवजी पुढच्या संक्रांतीला मुकुट काळ्या कापडावर टाका घालून करून द्यावा, असे मी सुचवले. त्यांनी ते मान्य केले आणि लेकीच्या डोक्याचा घेर डिसेंबरमध्ये पुन्हा मोजून कळवायला सांगितला आहे.