विद्यापीठ ग्रंथालयाची ऑनलाइन संदर्भसेवा: वर्षभराच्या वापरानंतर

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवते आणि रोजगार हमी योजनेवर पीएचडी करते. विद्यापीठ लांब, रजा मोजक्या. ग्रंथालयाने ऑनलाइन संदर्भसेवा, म्हणजे फॉर्म, मेल किंवा चॅटवरून ग्रंथपालांकडे संदर्भ मागायची सोय, सुरू केली तेव्हा लगेच नाव नोंदवलं. आता शैक्षणिक वर्ष उलटलंय, आणि माझ्यासारख्या नोकरी सांभाळून संशोधन करणाऱ्यांनी ही सेवा वापरायलाच हवी, असं माझं ठाम मत झालंय.

रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये राज्यात व्यवसाय कर आला. त्यावर साहित्य हवंय, असं मी फॉर्ममध्ये लिहिलं. संदर्भ विभागातल्या मॅडमचा उलट प्रश्न आला, “कायद्याचा मजकूर हवाय, की विधिमंडळात त्यावर कोण काय बोललं ते?” या एका प्रश्नाने माझं प्रकरणच मार्गी लागलं. त्यांनी विधिमंडळ कार्यवाहीच्या खंडांतली फक्त विषयसूचीची पानं आधी स्कॅन करून पाठवली. मी त्यावर खुणा करून दिल्या, मग तेवढ्याच चर्चेची पानं आली.

शोधगंगा, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, सगळ्यांना खुली आहे, मग ग्रंथपाल कशाला, असं सहकारी विचारतात. मराठी प्रबंध शोधून बघा म्हणजे कळेल! कित्येक प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. आतला शब्द टाकला तर काहीच सापडत नाही. शिवाय प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ. मॅडमनी विभाग आणि मार्गदर्शकांच्या नावावरून माग काढला, तेव्हा मला कधीच न दिसलेले प्रबंध हाती लागले.

तक्रारीही आहेत. फॉर्म फक्त इंग्रजीत आहे. चॅटबॉट ग्रंथालयाच्या वेळा सांगण्यापलीकडे जात नाही, त्याच्या नादी लागू नका, थेट मेल करा. 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे 13,000 च्या आसपास जर्नल्स खुली झाली, पण ती विद्यापीठाबाहेरून उघडायचं माझं लॉगिन मध्येच बंद पडलं, आणि ते ग्रंथालयाने सुरू करायचं की संगणक विभागाने, यातच बरेच दिवस गेले.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची. ग्रंथपालांशी चॅट सकाळी अकरा ते पाच, नेमकी तेव्हाच माझी लेक्चर्स. आठवड्यातून दोन दिवस तरी रात्री तासभर चॅट सुरू ठेवावं, असा लेखी अर्ज मी दिलाय. नोकरी करणाऱ्या इतर संशोधकांनीही आपापल्या ग्रंथालयाकडे तसा अर्ज करावा.