एफसी २५ : कित्येक महिने खेळून झाल्यावरचा अनुभव, ज्यांना आपला गेम सुधारायचाय त्यांच्यासाठी

ईए स्पोर्ट्स एफसी २५ हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम मी पीएस ५ (प्लेस्टेशन ५) वर गेले कित्येक महिने जवळपास रोज खेळतोय. त्यामुळे ग्राफिक्स कसले भारी, गवत किती खरं दिसतं असलं काही इथे मिळणार नाही, ते सगळं गेम आला तेव्हाच, सप्टेंबर २०२४ मध्येच, लिहून झालंय लोकांचं. मला सांगायचंय ते एवढंच की हा गेम खेळता खेळता माणूस खरंच सुधारतो का, आणि सुधारतो तर कशाने. आमच्या कोल्हापुरात अजून सगळे याला फिफाच म्हणतात, नाव बदललं ते फिफा २३ नंतर, पण चर्चा तीच असते, कुणाला कुठला स्किल मूव्ह, म्हणजे बॉल घेऊन चकवायची चाल, येतो. माझं मत एकदम उलटं आहे. स्किल मूव्ह नंतर शिका, आधी डिफेन्स शिका. माझा गेम वर गेला तो फक्त डिफेन्समुळे, आणि माझ्या सोबत खेळणाऱ्या ज्या ज्या पोरांनी हे मनावर घेतलं त्यांचाही गेलाय.

कारण सरळ आहे. अटॅकमध्ये गेम तुम्हाला बरीच मदत करतो, पास थोडा वाकडा मारला तरी असिस्ट तो जवळच्या प्लेअरकडे नेतो. पण ऑनलाइनला टॅक्टिकल डिफेन्डिंग असतं, तिथे बॉल आपोआप काढून कोणी देत नाही. तुम्ही कंट्रोलरवरचं सर्कल बटण दाबलं की तुमचा डिफेन्डर पाय घालतो, चुकला की तो तिथेच अडकतो आणि समोरचा मोकळा आत घुसतो. म्हणून एल२ धरून जॉकी करायचं, म्हणजे प्लेअर तोंड समोर ठेवून बाजूबाजूने सरकतो, आणि सर्कलला हात लावायचा नाही जोपर्यंत समोरच्याचा टच लांब जात नाही. कबड्डीत चांगला डिफेन्डर रेडर आत आल्या आल्या झडप घालत नाही, त्याची परतीची वाट बंद करतो आणि तो चुकायची वाट बघतो, अगदी तसं. एल२ सोबत आर२ धरला की पळता पळता जॉकी होतं, विंगवरून वेगात येणाऱ्यासाठी ते लागतंच, पण बॉक्सच्या आसपास नुसता एल२ पुरे, कारण पळत्या जॉकीत प्लेअर लवकर वळत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे कोणाला हलवायचं. बहुतेक जण सेंटर बॅक, म्हणजे गोलीपुढचा मधला डिफेन्डर, घेऊन बॉलच्या मागे पळतात आणि बरोबर तिथेच मागे भगदाड पडतं, मग थ्रू बॉल आला की गोलीकडे बघत बसायचं. सीडीएम घ्या, म्हणजे सेंटर बॅकच्या पुढे उभा राहणारा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. सेंटर बॅकला लाइनमध्ये राहू द्या, एआय ते काम नीट करतो, तुम्ही सीडीएम घेऊन पासची वाट अडवा. इथे आर१ ची पण गोष्ट आली, आर१ धरून ठेवला की दुसरा प्लेअर आपोआप बॉलवर जातो, दिसायला सोयीचं आहे पण तो ज्याला सोडून आलाय तो मोकळा झाला हे विसरू नका, मी तो अगदी साइडलाइनला समोरचा कोंडला गेला असेल तेव्हाच वापरतो.

स्विचिंगवर, म्हणजे कोणता प्लेअर हातात घ्यायचा ते बदलण्यावर, सगळ्यात जास्त वेळ घाला असं मी प्रत्येकाला सांगतो. एल१ दाबला की गेम ठरवतो कोण, राइट स्टिक ढकलली की तुम्ही ठरवता कोण. ऑटो स्विचिंग मी मॅन्युअल करून टाकलं, आणि मूव्ह असिस्टन्स बंद, म्हणजे प्लेअर हातात आल्यावर तो स्वतःहून एक पाऊलही टाकत नाही. पहिले काही दिवस वैताग येतो, गोल खावे लागतात, पण मग एक वेळ अशी येते की समोरच्याने पास मारायच्या आधी तुमचं बोट स्टिकवर असतं. ती मजा मला एखाद्या लांबून मारलेल्या गोलपेक्षा जास्त वाटते, खरंच.

कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली इथल्या तालमींच्या टीमची मॅच असली की मी आता मुद्दाम बॉल सोडून बॅक लाइनकडे बघतो. आपली पोरं किती बोलतात एकमेकांशी, एक पुढे गेला की दुसरा कसा आत येतो, हे टीव्हीवर दिसत नाही कारण कॅमेरा बॉलवर असतो. गेममध्ये ही सगळी बोलणी तुमच्या एकट्याच्या डोक्यात व्हायला लागतात. म्हणून कॅमेरा पण तसा लावा, टेली नाहीतर को-ऑप, झूम कमी आणि हाइट वाढवून, म्हणजे स्क्रीनवरच्या छोट्या नकाशाकडे, रडारकडे, न बघता दोन्ही विंग दिसतात.

आता गेममध्ये शिकायला म्हणून जे दिलंय त्याबद्दल. स्किल गेम्स आहेत, पासिंग, शूटिंग, डिफेन्डिंग सगळ्याचे, आणि लोक ते लोडिंगला टाइमपास समजतात. डिफेन्डिंगचे आणि पासिंगचे मनापासून खेळा, शूटिंगचे कमी खेळले तरी चालेल. ट्रेनर म्हणजे प्लेअरच्या खाली बटणं दिसतात ते, नवीन माणसाला ठीक आहे, पण लवकर बंद करा, नजर पूर्ण मैदानावरून उठून बटणांवर जाते. स्क्वॉड बॅटल्स, म्हणजे कॉम्प्युटरविरुद्धच्या मॅचेस, याबद्दल माझं मत मिक्स आहे. वरच्या लेव्हलचा कॉम्प्युटर पास पास पास करत बसतो, घाई करत नाही, त्यामुळे जॉकी आणि संयम शिकायला तो चांगला. पण माणूस तसा खेळत नाही, माणूस घाबरतो, चिडतो, ८५ व्या मिनिटाला गोली सोडून सगळे पुढे आणतो. म्हणून डिव्हिजन रायव्हल्सला, म्हणजे खऱ्या माणसांविरुद्धच्या ऑनलाइन मॅचेसना, पर्याय नाही. तिथे दहावी डिव्हिजन सगळ्यात खालची, पहिलीच्या वर एलिट, आणि जिंकत गेलात की समोरचे पण तगडे येतात, त्यामुळे हरणं बंद कधीच होत नाही आणि सुधारणा कळते ती गोल कसे खाल्ले यावरून. प्रत्येक खाल्लेल्या गोलचा रिप्ले स्किप न करता बघा आणि फक्त एकच प्रश्न विचारा, मी कोणता प्लेअर हातात घेतला होता. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

रश मोड या भागात नवीन आला आणि मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा तो शिकण्यासाठी कितीतरी चांगला निघाला. पाच विरुद्ध पाच, गोली एआयचा, बाकी चौघं खरी माणसं, प्रत्येकाला एकच प्लेअर. ऑफसाइड फक्त शेवटच्या तिसऱ्या भागात, आणि जास्त दांडगाई केली तर निळं कार्ड, एक मिनिट बाहेर. यात बॉल तुमच्याकडे नसतानाच जास्त वेळ जातो, मग कुठे उभं राहायचं, कधी धावायचं, मागे कोण थांबणार हे शिकावंच लागतं. चार ओळखीचे असाल तर फारच भारी. अनोळखी पोरांबरोबर कधी कधी सगळेच पुढे पळतात, तेव्हा एकाने मागे थांबायचं, आणि तो एक तुम्ही व्हा, डिफेन्सची फुकट प्रॅक्टिस होते.

टॅक्टिक्ससाठी या वेळी एफसी आयक्यू आहे, प्रत्येक प्लेअरला रोल द्यायचा. दिसायला किचकट आहे पण सगळं शिकायची गरज नाही. दोन्ही फुलबॅकना (कडेच्या डिफेन्डरना) पुढे जाणारा रोल देऊ नका, निदान एक तरी मागे ठेवा. सीडीएमला होल्डिंग द्या, डिफेन्सिव्ह अप्रोच बॅलन्स्ड, लाइन खूप वर नको. इंटरनेटवर तयार टॅक्टिक्सचे कोड मिळतात, टाकून बघा जरूर, पण दर हाराला कोड बदलणारा माणूस कशामुळे हरला ते त्याला कधीच कळत नाही, एकच फॉर्मेशन निदान काही आठवडे धरून ठेवा. मी ४-२-३-१ धरली कारण दोन सीडीएम मिळतात, आणि माझा सगळा खेळच तिथून चालतो.

अटॅकबद्दल थोडक्यात. आर२ सोडा. सतत स्प्रिंट धरला की टच लांब जातो आणि वळता येत नाही, नुसत्या लेफ्ट स्टिकने हळू चाललात तर समोरचाच घाबरून पाय घालतो. एल१ आणि क्रॉसचं बटण (X) दाबलं की पास देणारा स्वतः पुढे पळतो, एवढा एक वन-टू आला तरी खालच्या डिव्हिजनमध्ये भरपूर गोल होतात. आर१ आणि क्रॉसचा जोरदार पास शिका, साधा पास मध्येच कापला जातो. आर१ आणि सर्कलचा फिनेस शॉट, म्हणजे वळवून मारलेला शॉट, त्यासाठीची प्लेस्टाइल (खास कौशल्य) असलेल्या प्लेअरकडूनच मारा. स्किल मूव्हमध्ये एखादा येत असेल तर पुरे झालं, बाकी सगळं डोकं वर ठेवून पास देण्यात आहे.

दोन गोष्टी गेमच्या बाहेरच्या, पण त्याने फरक पडतो. टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर प्लेअर उशिरा हलतो आणि टायमिंग कधीच बसत नाही. आणि नेट वायफायवर न घेता वायर लावा. माझ्याकडे संध्याकाळी नेटची बोंब असायची, कंपनीला फोन करून झाले, शेवटी केबल ओढली आणि स्विचिंग वेळेवर व्हायला लागलं.

पॅक्सवर, म्हणजे आपल्या टीमसाठी प्लेअरची कार्डं निघतात त्या पाकिटांवर, पैसे घालायचे का असं बारकी पोरं विचारतात. नका घालू. चांगल्या कार्डाने वेग मिळतो, नजर मिळत नाही, आणि आत काय निघेल ते विकत घेताना माहीत नसतं, याच मुद्द्यावर बेल्जियममध्ये २०१९ पासून फिफा पॉइंट्सची (पॅक घ्यायला लागणाऱ्या गेममधल्या पैशांची) विक्री बंद झाली. अनिकेत जाधव कोल्हापूरचा, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, त्याचं नाव इथल्या पोरांना तोंडपाठ आहे, तर तुम्ही पण साध्या सिल्व्हर (कमी रेटिंगच्या कार्डांच्या) टीमने डिव्हिजन वर काढून दाखवा की, त्यात खरी किंमत आहे.

एफसी २६ पण आलाय, त्यात ऑनलाइनसाठी आणि एकट्याने खेळायच्या करिअर मोडसाठी गेमप्ले वेगवेगळा केलाय, पण जॉकी, सीडीएम आणि राइट स्टिक तिथेही लागतंच, त्यामुळे २५ स्वस्तात मिळत असेल आणि शिकायचंच असेल तर बिनधास्त घ्या. डिस्क असेल तर नंतर विकता पण येते. ज्याला फक्त घरी भावासोबत खेळायचंय त्याने स्विचिंगचं एवढं मनावर नाही घेतलं तरी चालेल, पण रायव्हल्समध्ये सहाव्या-सातव्या डिव्हिजनला अडकला असाल तर आजच सेटिंगमध्ये जाऊन ऑटो स्विचिंग मॅन्युअल करा आणि पुढचे दोन आठवडे निकाल बघूच नका, फक्त सीडीएम हातात ठेवा.