टीडीएस मीटर की क्लोराइड टायट्रेशन?

भाचीचा प्रकल्प नागपूरच्या फुटाळा तलावावर आहे: पाण्यातला खारटपणा वाढला की नत्र-स्फुरदाचं चक्र कसं बिघडतं. "मामा, मीटर घेऊ की टायट्रेशन करू?"

खर्च आणि मेहनत, दोन्हींत मीटर सरळ पुढे. काठावर बुडवा, पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा (टीडीएस) आकडा वाचा. टायट्रेशन म्हणजे नमुन्यात रंग बदलेपर्यंत थेंब थेंब द्रावण टाकून मोजणं; त्याला सिल्व्हर नायट्रेट लागतं. ते महाग, वर बोटं काळी करतं, आणि विटकरी छटा नेमकी कधी आली हे ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो.

पण आकडा सांगतो काय? मीटर सगळे क्षार एकत्रच धरतो, बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेटसुद्धा. टायट्रेशन फक्त क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, मोजतं. ते वनस्पती फारसं शोषत नाहीत, म्हणून सांडपाण्याचा माग त्यावरून बरा लागतो. त्याच्यासोबत येणारं सोडियम गाळाला चिकटलेलं अमोनियम सुटं करतं आणि शेवाळाची चंगळ होते. सल्फेटमुळे गाळातला स्फुरद सुटतो, ते मात्र दोघांनाही वेगळं दिसत नाही. मे महिन्यातल्या आपल्या उन्हात पाणी आटून दोन्ही आकडे फुगतात, तेव्हा पावसाळ्यानंतरचीही नोंद हवीच.

दर आठवड्याला दहा जागा फिरायच्या असतील तर मीटर. मीठ कुठल्या नाल्यातून येतंय हे शोधायचं असेल तर टायट्रेशन, आणि हातमोजे.