९९ रुपयांचा इंग्रजी कोर्स आणि वहिनींच्या नावावरचं कर्ज

रोज एक मिनिटाचा व्हिडिओ बघा, ९० दिवसांत फाडफाड इंग्रजी बोला, फी फक्त ९९ रुपये. ही जाहिरात सोलापुरात घरोघरी मोबाइलवर येतेय. तिच्यापायी आमच्या घरातले ११,१८८ रुपये गेले आणि ७,५०० रुपयांचं कर्ज अजून डोक्यावर आहे. सांगायला लाज वाटते, पण आपण गप्प बसतो म्हणूनच या लोकांचं फावतं.

हिशोब मांडतो. आधी ९९ रुपये. मग वहिनींना 'काउन्सेलर'चा फोन: ताई, तुमची लेव्हल चांगली आहे, २४,९९९ चा कोर्स स्कॉलरशिपमध्ये १७,९९९ ला बसवतो. त्यातले २,९९९ लगेच भरायचे, उरलेले १५,००० महिन्याला २,५०० प्रमाणे, 'बिनव्याजी'. असे तीन हप्ते कापले गेले. शेवटी पैसे परत मिळवून देतो म्हणून 'प्रोसेसिंग'चे ५९० रुपये उकळले, ते वेगळेच. पैसे परत द्यायला जो आधी पैसे मागतो, त्याला एक रुपयाही देऊ नका.

वहिनी युनिफॉर्मच्या कारखान्यात ऑर्डरी बघतात. परराज्यातल्या व्यापाऱ्यांचे मेसेज इंग्रजीत येतात, म्हणून शिकायचं होतं. यात हाव कुठली? समोरचा आपल्याच बोलीत गोड बोलत होता आणि ९९ रुपयांसाठी कोण कंपनीची कुंडली काढत बसतं?

खरी गोम होती पॅन कार्डात. 'सर्टिफिकेटवर नाव बरोबर यावं म्हणून' आधार, पॅन आणि चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला. इंग्रजीच्या क्लासला पॅन कशाला लागतं? क्लाससाठी पॅन मागितलं, तर समोरचा तुमच्या नावावर कर्ज काढत असू शकतो. तिथंच फोन आपटायचा. नंतर ओटीपीचा मेसेज आला. त्यात कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव होतं, 'लोन' हा शब्द होता, रक्कमही होती, सगळं इंग्रजीत. आणि हा माणूस फोनवर घाई करतोय: ताई, बाकीचं वाचू नका, फक्त सहा आकडे सांगा, सीट जाईल. इंग्रजी येत नाही म्हणून जी बाई शिकायला आली, तिच्याकडून इंग्रजी करारावर संमती घेतली. याचा विचार केला की अजून डोकं तापतं.

ऑटोपे, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी. तिच्या पडद्यावरही तेच. मोठ्या अक्षरात २,५००, खाली बारीक अक्षरात कमाल मर्यादा १५,००० आणि 'ॲज प्रेझेंटेड', म्हणजे ते मागतील तेव्हा कापायचं. १५,००० पर्यंतच्या अशा कपातीला दर वेळी पिन लागत नाही. २४ तास आधी सूचना येते, ती न वाचता सरकवू नका. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगी रद्द करता येते. मात्र त्यानं फक्त कपात थांबते, कर्ज तसंच राहतं आणि सिबिल, म्हणजे कर्ज फेडण्याची पत, बिघडतं. म्हणून आधी कर्ज देणाऱ्या कंपनीला ईमेलनं लेखी तक्रार, मग ऑटोपे बंद. डिजिटल कर्जाला विचार बदलण्याची थोडी मुदत असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरलं की दंडाशिवाय सुटका होते.

कोर्सवाल्यांनी फी परतीची मुदत ठेवली होती ७ दिवस. लॉगिन दिलं ८व्या दिवशी!

आणि शिकवलं काय? २४० व्हिडिओ म्हणे. ६० झाले की तेच पुन्हा, मागचा रंग तेवढा बदललेला. कोपऱ्यात मूळ चॅनलचं चिन्ह पुसल्याचा धुरकट डाग. स्वतःचं म्हणून जे घातलं तेही चूक: ए, ई, आय, ओ, यू आलं की 'ॲन' लावा. नियम अक्षराचा नसतो, उच्चाराचा असतो. 'युनिफॉर्म'चा उच्चार 'य'नं सुरू होतो, म्हणून 'अ युनिफॉर्म'. 'अवर'मधला एच उच्चारतच नाहीत, म्हणून 'ॲन अवर'. वहिनी दिवसभर जो शब्द लिहितात, तोच पैसे घेऊन चुकीचा शिकवला.

मराठी माणूस इंग्रजीत अडतो तो अ, ॲन, द वर, कारण आपल्याकडे ते नाहीतच. क्रियापद शेवटी टाकायची सवय आणि प्रश्नातलं डू, डज हे पुढचे अडथळे. धड्यात हे नसेल, बोलून बघायला जागा सोडली नसेल, कालचे शब्द आज पुन्हा येत नसतील, तर तो धडा फुकटही घेऊ नये. ई-बालभारतीवर पहिलीपासूनची इंग्रजीची पुस्तकं मोफत आहेत, सरकारचं दीक्षा ॲप आहे, बीबीसी लर्निंग इंग्लिशचे छोटे व्हिडिओ यूट्यूबवर पडलेत.

आता साहेब लोकांचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, पैसे तुम्हीच दिलेत. पोलीस ठाण्यानं सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, व्हिडिओ मिळाले ना, मग फसवणूक कसली, ग्राहक मंचात जा. बँक म्हणते पिन तुमचा. कर्जवाले म्हणतात कोर्सचं आम्हाला विचारू नका. कोर्सवाले फोन उचलत नाहीत. प्रत्येक टेबलावर त्याच झेरॉक्स, तेच 'उद्या या'. कारखान्यात खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी जाते, ती यांच्यातला कोण भरून देणार? एकानं तर विचारलं, या वयात इंग्रजी कशाला? तक्रार नोंदवायची सोडून हे विचारायचा यांना काय अधिकार?

तरी १९३० ला लगेच फोन कराच. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात आणि गोठवता येत नाहीत. कर्ज कंपनीनं ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर त्याची माहिती मिळते. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ओटीपीचा मेसेज, कॉलची यादी आणि लॉगिन मिळाल्याची तारीख जपून ठेवा. आमच्या अर्जात सगळ्यात वर तीच ८व्या दिवसाची तारीख लावली आहे.