रिफर्बिश्ड डेल पॉवरएज टी४४० : निपाणीच्या हवेत दोन पावसाळे काढल्यानंतरचा अनुभव

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर या पट्ट्यात ऑफिससाठी सर्व्हर घ्यायचा असेल, तर प्रोसेसर किती कोअरचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी लाईट, मग धूळ आणि ओल, मग डिस्क. आमच्याकडे हा टॉवर सर्व्हर टॅली, सामायिक फाईल आणि दोन छोट्या व्हर्च्युअल मशीनसाठी (त्याच सर्व्हरच्या आत चालणारे वेगळे संगणक) रात्रंदिवस चालू असतो. आतापर्यंत जेवढ्या तक्रारी आल्या, त्यातल्या बहुतेकांचं मूळ मशीनच्या बाहेर सापडलं, आणि जवळजवळ प्रत्येक तक्रारीची सूचना लॉगमध्ये आधीच येऊन पडलेली होती.

मशीन असं आहे : २०१७ साली बाजारात आलेली मालिका, एक झिऑन सिल्व्हर ४११० प्रोसेसर (८ कोअर, ८५ वॅट), १६ जीबीच्या दोन रॅम, २ जीबी कॅशचा (तात्पुरत्या मेमरीचा) पर्क एच७३०पी रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड, ३.५ इंची आठ हॉट-स्वॅप बे (मशीन चालू असताना डिस्क काढता-घालता येणारे खण) आणि ४९५ वॅटचे दोन पॉवर सप्लाय. डेटासाठी ४ टीबीच्या चार निअरलाईन सॅस (सर्व्हरसाठीच्या जोडणीच्या) डिस्क रेड १० मध्ये, विंडोजसाठी दोन एसएसडी रेड १ मध्ये. रेड १ म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा, रेड १० म्हणजे अशा जोड्यांवर पसरलेला डेटा. रॅमवर २६६६ छापलेलं असलं तरी ती २४०० वरच चालते. हा प्रोसेसर तेवढाच वेग देतो, त्यामुळे त्यात बिघाड शोधत बसू नका.

लाईटपासून सुरुवात करतो. दोन पॉवर सप्लाय आहेत म्हणून निर्धास्त होऊन दोन्ही वायरी एकाच यूपीएसला जोडलेल्या बऱ्याच ठिकाणी दिसतात. मग यूपीएस बसला की दोन्ही सप्लाय एकदम बसतात. एक वायर ऑनलाईन यूपीएसवर आणि दुसरी चांगल्या स्टॅबिलायझरमधून थेट लाईनवर, ही जोडणी आमच्याकडे टिकली. लाईट गेली की आयड्रॅकच्या (सर्व्हरमध्येच बसवलेल्या, विंडोजपासून वेगळ्या चालणाऱ्या देखरेखीच्या भागाच्या) लॉगमध्ये पीएसयू०००३ अशी नोंद पडते, म्हणजे सप्लायला येणारी वीज बंद झाली. ही नोंद बघून सप्लाय बदलायला धावू नका. लाईट असतानाही एकाच सप्लायवर ती सारखी येत असेल, तर दोन सप्लायच्या वायरींची अदलाबदल करा. तक्रार वायरीबरोबर गेली तर दोष वायरीत किंवा सॉकेटमध्ये, आणि त्याच सप्लायवर राहिली तर सप्लायमध्ये.

यूपीएस शुद्ध साईन वेव्हचाच हवा. या सप्लायमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (येणारा करंट विजेच्या लहरीशी जुळवून घेणारं सर्किट) असतं आणि घरगुती इन्व्हर्टरच्या चौकोनी वेव्हवर ते कधी गुणगुणतं, तर कधी नेमकं लाईट जाण्याच्या क्षणी मशीन बंद पाडतं. हा सर्व्हर रोजच्या कामात १२० ते १६० वॅट घेतो, त्यामुळे १ केव्हीएचा ऑनलाईन यूपीएस पुरतो. त्याच्या बॅटऱ्यांची गणितं मात्र उन्हाळ्यात बिघडतात. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं, आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. पत्र्याखालच्या खोलीत तीन वर्षांची बॅटरी दीड वर्षात बसली तर त्यात नवल नाही.

बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उठणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक छोटी सेटिंग आहे, ती नक्की बदला. एसी पॉवर रिकव्हरी ‘लास्ट’वर ठेवा, म्हणजे लाईट आल्यावर मशीन आधीच्या स्थितीत येतं, आणि तिची डिले १८० सेकंद करा. आपल्याकडे लाईट आली की पहिल्या दोन मिनिटांत परत एक-दोनदा जाते. मशीन लगेच उठलं तर विंडोज अर्ध्यावर असतानाच पुन्हा धक्का बसतो. यूपीएसची यूएसबी केबल जोडून, बॅटरीवर दहा मिनिटं गेली की विंडोज आपोआप शटडाऊन होईल असंही लावून ठेवा.

अर्थिंगकडे वायरमनसुद्धा दुर्लक्ष करतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधला व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. पाच-दहाच्या वर गेला तर अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलाय किंवा न्यूट्रल लूज आहे. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल निघाला तर सिंगल फेजच्या सॉकेटवर तीनशेच्या पुढे व्होल्ट चढू शकतात, आणि तेव्हा सर्व्हरआधी स्विच आणि राऊटर जळतात. मोजमाप ऑफिस भरात चालू असताना घ्या. सकाळी रिकाम्या लोडवर सगळंच छान दिसतं.

आता डिस्क. सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही घाईने.

बेच्या पुढच्या दिव्याची भाषा आधी पाठ करा. हिरवा स्थिर म्हणजे डिस्क ऑनलाईन. हिरवा, मग नारिंगी, मग बंद अशी फेरी चालली असेल तर डिस्क अजून काम करतेय, पण निकामी होण्याच्या वाटेवर आहे. सेकंदाला चार वेळा नुसता नारिंगी म्हणजे गेलेली. हळू हिरवा लुकलुकतोय म्हणजे रिबिल्ड (बदललेल्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) चालू आहे, हात लावू नका. तीन सेकंद हिरवा, तीन सेकंद नारिंगी आणि सहा सेकंद बंद, म्हणजे रिबिल्ड मध्येच थांबलंय.

निकामी होण्याच्या वाटेवरची डिस्क दिसली (लॉगमध्ये पीडीआर१६) की लोक तिला ओढून नवी बसवतात. तसं करू नका. ती डिस्क अजून वाचता येते, आणि ती काढली की अ‍ॅरे (डिस्कचा संच) डिग्रेड होतो, म्हणजे सुरक्षेची जादा प्रत उरत नाही. एखादा बे रिकामा असेल तर नवी डिस्क तिथे बसवा आणि कंट्रोलरमधून ‘रिप्लेस मेंबर’ चालवा. कंट्रोलर जुन्या डिस्कवरून नवीवर कॉपी करतो, अ‍ॅरे पूर्ण वेळ निरोगी राहतो आणि शेवटी जुनी बाजूला होते. त्यासाठी आठपैकी एक बे कायम मोकळा ठेवा.

डिस्क खरंच गेली असेल तर क्रम असा : आधी बॅकअप ताजा आहे का ते बघा, आणि त्यातली एखादी मोठी फाईल उघडूनही बघा. मग बाकीच्या डिस्कचे एरर काउंट वाचा. दुसऱ्या एखाद्या डिस्कवर मीडिया एरर वाढत असतील तर रिबिल्डचा ताण तिला झेपणार नाही, तिथे बॅकअपच आधी पूर्ण करा. मग आयड्रॅकमधून ‘ब्लिंक’ देऊन नेमका बे डोळ्यांनी ओळखा. डिस्क दोन सेंटिमीटर बाहेर ओढून अर्धा मिनिट थांबा, प्लॅटर फिरायचे थांबू देत, आणि मग पूर्ण काढा. नवी डिस्क त्याच जातीची हवी : सॅसच्या जागी सॅस, ५१२ बाइट सेक्टरच्या जागी तसंच, आणि आकार जुनीइतका किंवा जास्त. एका अ‍ॅरेत सॅस आणि साटा मिसळता येत नाहीत, ४के नेटिव्ह (४०९६ बाइट सेक्टरची) डिस्कही चालत नाही.

४ टीबीची कॉपी सेकंदाला १५० एमबीच्या सरासरीने सलग चालली तरी साडेसात तास लागतात. दिवसा टॅली चालू असताना हा वेळ सहज दुप्पट होतो. रिबिल्ड रेट मुळात ३० टक्के असतो. शनिवारी रात्री तो वाढवा आणि सोमवारी परत खाली आणा.

रेड ५ (एका डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी राखून सगळ्यांवर डेटा पसरवणारी पद्धत) न घेण्याचं कारणही याच हिशोबात आहे. अशा चार डिस्कच्या रेड ५ मध्ये एक गेली तर उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. डेस्कटॉप दर्जाच्या डिस्कवर कंपनी स्वतःच एकावर चौदा शून्य इतक्या बिटांमागे एक न वाचता येणारी चूक गृहीत धरते, आणि हे बिट होतात १२.५ टीबी. अशी चूक रिबिल्डच्या वेळी भेटली की कंट्रोलर त्या पट्ट्यावर ‘पंक्चर’ करतो आणि पुढे जातो. अ‍ॅरे ऑप्टिमल दिसतो, आतमध्ये भोक राहतं, आणि पुढे डिस्क बदलत गेलात तरी एररची नोंद पिच्छा सोडत नाही. त्यावर उपाय एकच : बॅकअप घ्या, व्हर्च्युअल डिस्क पुसून नव्याने बनवा, डेटा परत भरा. रेड १० मध्ये फक्त जोडीदार डिस्क वाचावी लागते. पेट्रोल रीड (कंट्रोलरने डिस्क स्वतः वाचून खराब जागा शोधणं) आठवड्याला आपोआप चालतं, ते बंद करू नका. कन्सिस्टन्सी चेक (दोन्ही प्रती जुळतात का ते पाहणं) मात्र स्वतः लावावा लागतो, महिन्यातून एक रात्र पुरे.

बूट होताना ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ (डिस्कवरची रेडची मांडणी कंट्रोलर आपली मानत नाही) असा संदेश आला की दोन मिनिटं हात खिशात ठेवा. सगळ्या डिस्क एकदम सुटून परत जोडल्या गेल्या असतील (बॅकप्लेनची केबल, मध्येच गेलेली लाईट) तर इम्पोर्ट योग्य आहे. पण एकच डिस्क आठवडाभरापूर्वी बाहेर पडलेली असेल आणि आता परत आली असेल, तर तिच्यावरचा डेटा आठवडाभर शिळा आहे. तिचं कॉन्फिगरेशन क्लिअर करून रिबिल्ड करा. कोणती डिस्क कधी बाहेर पडली हे लॉगच्या तारखांवरून कळतं. ‘प्रिझर्व्हड कॅश’ असा संदेश आला तर डिस्कार्ड दाबू नका. कंट्रोलरने डिस्कवर न लिहिलेला डेटा सांभाळून ठेवलेला असतो, हरवलेली डिस्क परत जोडली की तो उतरतो.

रिफर्बिश्ड मशीनमध्ये कंट्रोलरची बॅटरी हमखास जुनी येते. विक्रेत्याने बाहेरून पुसून चकचकीत केलेलं असतं, बॅटरी तीच असते. ती कमजोर झाली की कंट्रोलर राइट-बॅक (आधी कॅशमध्ये, मग डिस्कवर लिहिणं) सोडून राइट-थ्रूवर (थेट डिस्कवर लिहिणं) जातो आणि टॅलीचं व्हाउचर सेव्ह व्हायला वेळ घेऊ लागतं. लोक नेटवर्क तपासतात, रॅम वाढवतात. आधी बॅटरीची स्थिती बघा. बदलायला दहा मिनिटं लागतात, मशीन मात्र बंद करावं लागतं. बॅटरी येईपर्यंत ‘फोर्स राइट-बॅक’ लावायचा मोह टाळा : लाईट गेली तर कॅशमधलं सगळं जातं.

रॅमची तक्रार एमईएम०७०१ अशी येते आणि सोबत स्लॉटचं नाव असतं, समजा ए२. ही दुरुस्त होऊ शकणारी चूक, घाबरण्याचं कारण नाही. मशीन बंद करा, दोन्ही वायरी काढा, पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या. रॅम काढून सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, खोडरबर वापरू नका. मग ए१ आणि ए२ मधल्या रॅमची अदलाबदल करा. नोंद ए१ वर गेली तर रॅम वाईट. ए२ वरच राहिली तर स्लॉट किंवा प्रोसेसरच्या पिना बघाव्या लागतील. ओल्या हवेत पुष्कळदा नुसतं काढून बसवल्यावर तक्रार थांबते.

निपाणीत तंबाखूची बारीक धूळ वखारीपासून लांबच्या खोल्यांतही पोचते. उद्यमबाग-मच्छेकडे फाउंड्रीची काळी धूळ, ती तर वीजवाहक असू शकते. कोरडी धूळ ब्लोअरने उडते. जून ते सप्टेंबरमध्ये तीच ओल धरून हीटसिंकच्या पात्यांवर थर बनते. दर तीन महिन्यांनी, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी एकदा नक्की, झाकण काढून ब्लोअर मारा. मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेगात फिरून बेअरिंग खराब होतं. हवेचं प्लास्टिक आवरण परत बसवल्याशिवाय मशीन चालू करू नका. डेलची मर्यादा ३५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता. उंचीमुळे तापमानाची सूट ९५० मीटरच्या वर कमी होते आणि बेळगाव साधारण ७५० मीटरवर, म्हणजे इथे पूर्ण ३५ अंश धरा. पावसाळ्यात सर्व्हर रात्री बंद करण्यापेक्षा चालू ठेवलेला बरा, आतली ऊब ओल बसू देत नाही.

खटकलेली गोष्ट आयड्रॅकच्या लायसन्सची. एक्सप्रेस लायसन्सवर लॉग, तापमान आणि ई-मेल अलर्ट मिळतात, पण बसल्या जागेवरून स्क्रीन बघायला एंटरप्राइज लागतं. घेताना हे विचारून घ्या. आयड्रॅक अडकला तर पुढचं ‘आय’ बटण सोळा सेकंद दाबून धरा. फक्त आयड्रॅक रीस्टार्ट होतो, विंडोज चालूच राहतं.

सुटे भाग कोल्हापुरातून आणणं निपाणीकरांना बेळगावपेक्षा जवळ पडतं, पण ती खरेदी दुसऱ्या राज्यातली. बिलावर आयजीएसटी लागला आहे आणि आपला कर्नाटकचा जीएसटी नंबर बरोबर आहे हे तिथेच तपासा. माल पन्नास हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल हवं. जास्तीची एक डिस्क आणि एक सीआर२०३२ सेल (मदरबोर्डवरचा बटणासारखा छोटा सेल) कपाटात ठेवाच. डिस्कच्या पाकिटावर फर्मवेअर, सेक्टरचा प्रकार आणि वॉरंटीची तारीख लिहून ठेवा, आणि वर्षातून दोनदा ती मोकळ्या बेमध्ये लावून कंट्रोलर ओळखतो का ते बघा.