एचपी व्हर्च्युअल कनेक्ट फ्लेक्स-१० : आमच्या सोलापूरच्या सर्व्हर रूममधला अनुभव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आयटी बघतो. आमच्याकडं एचपीचं सी७००० एन्क्लोजर आहे, म्हणजे ब्लेड (पातळ, खाच्यात सरकवायचे सर्व्हर) बसवायची पेटी, रीफर्बिश्ड घेतलेली, आणि तिच्या मागं बे (खाचा) १ आणि २ मध्ये फ्लेक्स-१० ची दोन मॉड्यूल बसवलीत. ब्लेडबद्दल भरपूर वाचायला मिळतं पण ब्लेडला नेटवर्कशी जोडणाऱ्या या डब्याबद्दल मराठीत मला काही सापडलं नाही, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे याला स्विच समजून विकत घेऊ नका. आतून १६ पोर्ट, एकेक ब्लेडला एकेक, बाहेर एसएफपी प्लस प्रकारचे अपलिंक (वरच्या नेटवर्कला जोडायचे पोर्ट), दिसतं अगदी स्विचसारखं, पण वरच्या कोअर स्विचला (कारखान्याच्या मुख्य स्विचला) वाटतं की एखादा मोठा सर्व्हरच जोडलाय. स्पॅनिंग ट्रीमध्ये (स्विचनी आपापसात लूप शोधून बंद करायची पद्धत) ते भागच घेत नाही. लूप टाळायला एका नेटवर्कचा एकच अपलिंक किंवा एलएसीपीनं (अनेक केबल एकत्र बांधायची पद्धत) बांधलेला एकच गट चालू ठेवतं, बाकीचे स्टँडबाय.

मला सगळ्यात आवडलं ते प्रोफाइल. मॅक अॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक), व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग), सॅनवरून (बाहेरच्या सामायिक स्टोरेजवरून) बूट होत असेल तर त्याचं सेटिंग, हे सगळं ब्लेडमध्ये नाही तर बेच्या प्रोफाइलमध्ये राहतं. खोली नंबर तोच ठेवून भाडेकरू बदलला तर पोस्टमनला काय फरक पडतो, तसंच. मदरबोर्ड गेला, ब्लेड काढलं, दुसरं घातलं, मॅक तोच, त्यामुळं डीएचसीपीचं रिझर्व्हेशन (त्या मॅकसाठी राखलेला आयपी) असो की मॅकला बांधलेलं लायसन्स, कशालाच हात लावावा लागत नाही. आमच्यासारख्या गावात हे फार मोठं आहे हो, कारण कोअर स्विच बघणारा व्हेंडर पुण्याचा, एक व्हीलॅन टाकायला सांगितलं की आज करतो उद्या करतो चालू होतं, आणि इकडं डिस्पॅचचं बिलिंग थांबलेलं असतं. आता शेअर्ड अपलिंक सेटवर (अनेक व्हीलॅन एकत्र वाहून नेणाऱ्या अपलिंकच्या गटावर) हवे ते व्हीलॅन एकदाच टॅग करून घेतले, पुढं कुठल्या ब्लेडला काय द्यायचं ते आम्हीच ठरवतो. फक्त प्रोफाइल एका बेमधून दुसऱ्या बेमध्ये हलवताना ब्लेड बंद पाहिजे, तेवढा डाउनटाइम मागून ठेवा.

दुसरी गोष्ट फ्लेक्सएनआयसी, म्हणजे एका पोर्टमधून पाडलेली वेगळी नेटवर्क कार्डं. १० गिगाबिटच्या एका पोर्टचे चार तुकडे, प्रत्येकाचा स्पीड १०० मेगाबिटच्या पायरीनं ठरवायचा. आम्ही मॅनेजमेंटला ५०० मेगाबिट, व्हीमोशनला (चालू व्हीएम एका ब्लेडवरून दुसऱ्यावर हलवायला) अडीच गिगा, व्हीएमना (व्हर्च्युअल मशीनना) ५ गिगा आणि बॅकअपला २ गिगा दिलेत. ब्लेडमध्ये दोन पोर्ट, म्हणजे ईएसएक्सआयला (ब्लेडवर व्हीएम चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) आठ कार्डं दिसतात आणि केबल मात्र मोजक्याच. पण ही मर्यादा ब्लेडमधून बाहेर जाणाऱ्या डेटाला लागते, आत येणाऱ्याला नाही, हे बॅकअपचं गणित करताना लक्षात असू द्या.

आता सेटिंगचं. दोन्ही मॉड्यूलचे अपलिंक एकाच सेटमध्ये घातले तर अर्धे नुसते स्टँडबाय बसून राहतात, एलएसीपी दोन वेगळ्या मॉड्यूलवर बांधता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक मॉड्यूलचा वेगळा सेट करा, दोन्ही चालू राहतील, टीमिंग (दोन कार्डं एकत्र वापरणं, एक गेलं तर दुसरं घेतं) ईएसएक्सआयवर सोडा. आणि स्मार्ट लिंक (अपलिंक पडला की ब्लेडचं कार्डही बंद दाखवणारं सेटिंग) चालू करायलाच पाहिजे, नाहीतर वरची केबल निघाली तरी ब्लेडला आपलं कार्ड चालूच दिसतं आणि ट्रॅफिक हवेत जातं, टीमिंगचा काही उपयोग नाही. कोअर स्विचवर त्या पोर्टवरची पोर्ट सिक्युरिटी (एका पोर्टवर किती मॅक चालतील याची मर्यादा) काढायला सांगा, एका पोर्टवर ढीगभर मॅक दिसणार आहेत.

एकापेक्षा जास्त डोमेन (व्हर्च्युअल कनेक्टचं एकत्र सांभाळलं जाणारं कॉन्फिगरेशन) असतील तर मॅकचा पूल (वाटायच्या मॅकची रेंज) प्रत्येकाला वेगळा द्या. हे प्रोफाइल बनवायच्या आधीच ठरवायचं असतं, नंतर प्रोफाइल असताना बदलता येत नाही. आणि दोन्ही डोमेनला एकच पूल दिला तर तोच मॅक दोन ठिकाणी येऊ शकतो, मग शोधत बसा.

माल जुना आहे हे मान्य, एचपीईचं (एचपीचा सर्व्हर विभाग आता याच नावानं आहे) पुढचं प्लॅटफॉर्म सिनर्जी २०१५ मध्येच जाहीर झालं. तरी पाच-सहा ब्लेड आणि एक-दोन माणसांची आयटी असेल तर मी बिनधास्त घ्या म्हणेन. दोनच सर्व्हर असतील तर मात्र नको, १० यूचं (रॅकमध्ये दहा खणांची उंची घेणारं) एन्क्लोजर, दहा पंखे, आवाज भरपूर, आणि मे महिन्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असताना रूमचा एसी बंद पडून चालत नाही. घेताना दोन्ही मॉड्यूलवर एकच फर्मवेअर आहे का बघा आणि आधीच्या मालकाचं डोमेन डिलीट करून द्यायला लावा.