निपाणीकडं छतावरचं तीन किलोवॅट सोलार: सगळे ऋतू बघून झाल्यावर

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर स्लॅबवर सोलार बसवलं. मी समाधानी आहे. पण आपल्या कर्नाटकात राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत महिन्याला 200 युनिटपर्यंत वीज फुकट मिळते. ज्यांचं बिल त्यातच शून्य येतं त्यांनी घाई करू नये. आमच्याकडं बोअरची मोटर आणि गीझर धरून आकडा पुढं जायचा. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेची 78,000 रुपयांची सबसिडी खात्यावर जमा झाली. स्थिर आकार मात्र बिलात येतोच.

पॅनलमधल्या सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि डीसी करंट वाहतो. इन्व्हर्टर त्याचा घरात चालणारा एसी करंट करतो. काम प्रकाशाचं, उष्णतेचं नव्हे. पॅनल 25 अंशांच्या वर तापलं की दर अंशाला साधारण 0.35 टक्के उत्पादन घटतं. काच 60 अंशांवर गेली की बारा टक्के तिथंच गेले! म्हणून फेब्रुवारीच्या गार, स्वच्छ उन्हात मोबाइलवरचा आलेख जितका उंच जायचा, तितका मेच्या रखरखीत दुपारी गेला नाही. एरवी दिवसाला बारा युनिटच्या आसपास. आषाढाच्या झडीत तीन-चारसुद्धा मुश्किलीनं.

आपल्या भागात खरी काळजी घ्यावी लागते ती उसाच्या हंगामात. तोडणी झाली की रानात पाचट पेटवतात आणि जळकी काळी पात उडत येऊन काचेवर बसते. पहाटेच्या दवानं ती ओघळते आणि खालच्या कडेला, फ्रेमलगत, चिकट पट्टी धरते. लांबून पॅनल स्वच्छ दिसतं, पण त्या पट्टीखाली सेलची, म्हणजे वीज बनवणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्यांची, ओळ झाकलेली असते. सेल एकामागं एक जोडलेले, एक झाकला की बाकीच्यांचा करंटही अडतो, त्यामुळं नुकसान पट्टीच्या रुंदीपेक्षा कितीतरी जास्त. सकाळी काच गार असताना पाणी मारून मऊ फडक्यानं पुसायचं. तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका, आणि बोअरचं पाणी जड असेल तर क्षाराचे डाग राहतात, लगेच कोरडं करा.

लाइट गेली की हे सोलारही बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेला इन्व्हर्टर आपणहून थांबतो. कारण पटलं, पण विकणाऱ्यानं हे आधी सांगितलं नाही याचा राग आहे. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (लाइट गेल्यावर बॅटरीवरही चालणारा) आणि बॅटरीचं सुरुवातीलाच बोलून घ्या.

पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार सोळा अंशांच्या आसपास आणि स्ट्रक्चर कंबरेइतकं तरी उंच घ्या. शेजारच्यांचं स्लॅबला चिकटून आहे. खालून वारं खेळत नाही आणि झाडू घालायलाही जागा नाही.